चूल एक, ताटं बारा

सुभेदार आमच्या विणकर सोसायटीत पहिल्यांदा आले त्या दिवशी त्यांनी कुणाला नमस्कार केला नाही, खुर्ची घेतली नाही, पाण्याला हात लावला नाही. सरळ आत गेले, टेबलावरच्या आमच्या एकुलत्या एक कॉम्प्युटरच्या डब्याला कान लावला आणि डोळे मिटून घेतले. मी दारात उभा. मला वाटलं, लष्करातून येताना म्हातारा अर्धं डोकं तिकडंच ठेवून आला असावा. बऱ्याच वेळानं डोळे उघडून ते म्हणाले, "सेक्रेटरी, ह्याला दमा झालाय."

"कुणाला?"

"ह्याला रं. ऐक की कान लावून. लई धाप लागलीया."

मग त्यांनी पिशवीतून स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि डबा उघडला. आत पंख्याभोवती सुताची रुई अशी गच्च बसली होती की एक लहान उशी सहज भरली असती. सुभेदारांनी पिशवीतून दाढीचा ब्रश काढला आणि बाळाचं नाक पुसावं तसा तो पंखा साफ करायला घेतला. हा ब्रश दाढीचाच होता आणि रोज सकाळी त्यांच्या दाढीलाही तोच होता, हे मला पुढं कळलं. तोवर आमची मैत्री झालेली असल्यामुळं काही बोलता आलं नाही.

त्यांना नाव होतं, पण ते कुणी वापरत नसे, मीही इथं वापरत नाही. लष्करात सिग्नलच्या कामावर जन्म गेलेला, मूळ गाव खानापूरच्या पलीकडं रानालगत, आणि निवृत्तीनंतर राहायला बेळगावच्या कॅम्पात, एका बेकरीच्या मागच्या खोलीत; कुणी बोलावलं तर बिघडलेली यंत्रं बघून द्यायचे. बायको पूर्वीच गेलेली, मुली आपापल्या घरी. हल्ली ते गावीच असतात. फोन केला तर पहिलं वाक्य ठरलेलं: "काम सांग, खुशाली नंतर." काम सांगून झालं की ते फोन ठेवून देतात, त्यामुळं त्यांची खुशाली मला आजतागायत कळलेली नाही.

मी वडगावातल्या विणकर सोसायटीचा सेक्रेटरी. घरात आजोबांपासून माग, पण मी निघालो कागद हलवणारा. तेव्हा आमच्या गल्लीतले हातमाग एकेक करून गप्प होत चालले होते. पॉवरलूम चालत होते, पण त्यांवरची डिझाइनं परगावाहून विकत यायची, म्हणजे जी कोयरी आमच्या साडीवर तीच चार राज्यांतल्या साड्यांवर. आपली डिझाइनं आपण काढावीत म्हणून सोसायटीला अनुदान मंजूर झालं आणि वरच्या हॉलमध्ये डिझाइन रूम करायची ठरली. ठरली म्हणजे ठरावात ठरली. यंत्रं कुठली घ्यायची ह्यावर गाडं अडलं ते अडलंच.

आमचे अध्यक्ष आप्पा. पांढरी टोपी, कपाळाला बुक्का, तरुणपणी उत्तम विणकर, आता सहा पॉवरलूमचे मालक. त्यांनी लग्नाच्या कुठल्याशा व्हिडिओवाल्याकडं आतून निळे-तांबडे दिवे लागणारा कॉम्प्युटर पाहिला होता आणि त्यांना तसलेच पाच हवे होते. अनुदानात तसले पाचच बसत होते. आता पाच म्हटल्यावर त्यांपुढं कोण बसणार हे सांगायला ज्योतिषी नको. पाच मालकांची पाच पोरं.

आणि इकडं शांताआक्का वाट बघत होती. ती आमच्या गल्लीच्या टोकाला राहते. लग्न होऊन आली ती मागावरच बसली. पदरावरची बुट्टी, म्हणजे विणतानाच उठवायची नक्षी, तिच्या हाताची जशी उठायची तशी आमच्यात कुणाची उठली नाही. नवरा गेला तरी तिनं माग थांबवला नव्हता. पण हातमागाच्या साडीला गिऱ्हाईकच राहिलं नाही, तेव्हा तिनं मागावर चादर टाकली. लाकूडवाला येऊन मागाचं माप घेऊन गेला होता. पुण्याचा मुलगा म्हणत होता, ये, नातू सांभाळ. एके दिवशी ती ऑफिसात आली, उंबऱ्यावरच बसली.

"सेक्रेटरी, तुमच्या त्या खोलीत मला एक जागा गावंल काय? डिझाइन तर मी काढतो. जागा मिळाली तर माग ठेवतो, नमुना इणून दाखवाय लागंल न्हवं? न्हाईतर लाकूड इकून पोराकडं जातो. हितं नुसतं भिंती बघत बसून काय करू?"

तिच्यासारख्या आणखी अकरा बाया होत्या. माझ्या हातात काही नव्हतं, त्यामुळं मी सेक्रेटरी लोक म्हणतात तेच म्हणालो: बघू.

हे मी सुभेदारांना सहज सांगितलं. ते चहा पीत होते. त्यांची चहाची रीत वेगळी. कप निम्मा झाला की 'साकु', म्हणजे पुरे, म्हणून खाली ठेवायचा आणि पाच मिनिटांनी तोच गार निम्मा कप पुन्हा उचलून प्यायचा. पहिला निम्मा जिभेसाठी, दुसरा पोटासाठी, असं त्यांचं म्हणणं. त्या दिवशी दुसरा निम्मा त्यांनी प्यायलाच नाही. बायका किती, एवढंच विचारलं.

"बारा."

"मग बारा जागा लागतील," असं म्हणून ते उठले आणि सायकल काढून गेले. जसं काही मी बारा भजी मागितली होती.

सुभेदारांची सायकल हा एक स्वतंत्र विषय आहे. कॅम्पातून वडगावला यायचं तर मध्ये रेल्वे गेट. गेट बंद असलं की अख्खं बेळगाव हॉर्न वाजवतं, सुभेदार मात्र सायकलवरून उतरून सावधान उभे राहायचे आणि गाडी गेली की शेवटच्या डब्यातल्या गार्डाला सॅल्यूट ठोकायचे. मी एकदा विचारलं, ओळखीचा आहे का? म्हणाले, "न्हाय. पर सगळ्यात मागं हुभा ऱ्हाऊन सगळ्यांची काळजी करतोय न्हवं त्यो?" काही गार्ड उलट सॅल्यूट करायचे. त्या दिवशी सुभेदार आमच्याकडं आले की विशेष खुशीत असायचे.

माणसाला तीन भाषा येत होत्या आणि तिन्हींची कामं वाटून दिलेली होती. रागवायचं हिंदीत, मोजायचं कन्नडमध्ये, माया करायची मराठीत. त्यांनी 'ओंदू, एरडू' सुरू केलं की समजावं, डोक्यात तारांची लांबी चालू आहे. 'अरे भाई' म्हणाले की मी खुर्ची मागं सरकवून घ्यायचो.

तर कमिटीच्या पुढच्या बैठकीला सुभेदार न बोलावता हजर. आप्पांनी माझ्याकडं पाहिलं, मी छताकडं.

"आप्पा," सुभेदार म्हणाले, "तुमच्या घरात खाणारी तोंडं किती?"

"बारा-तेरा असतील. का?"

"आणि चुली?"

"चूल एकच असती की घरात."

"मग प्रत्येकाच्या ताटाखाली येगळी चूल कशाला पेटवायलाय तुम्ही?"

मग त्यांनी समजावलं. एकच दांडगा कॉम्प्युटर घ्यायचा, तो चूल. सगळं शिजणार तिथं. आणि प्रत्येकीपुढं एक पडदा, एक कीबोर्ड, एक माउस आणि पुस्तकाएवढी डबी, ते ताट. डबीला डोकं नाही, पंखा नाही, आत फिरणारं काही नाही. चुलीवर शिजलेलं वायरीतून घेऊन पडद्यावर वाढायचं एवढंच तिचं काम. टर्मिनल म्हणतात त्याला. वीज इतकी कमी खातं की दिवे गेले तरी एका बॅटरीवर सगळी पंगत उठेपर्यंत चालेल.

"आणि चूल इझली तर?" आप्पा काही कच्चे नव्हते. "सगळेच उपाशी?"

"घरात काय येगळं असतंय व्हय? म्हणून तर चुलीवर लक्ष ठेवायचं. आणि शेजारी एक शेगडी भरून ठेवायची, अडीनडीला."

कमिटी हसली. पण आप्पांना हसणं आणि पटणं ह्यांतला फरक चांगला कळतो. ते म्हणाले, "सुभेदार, बोलायला गोड हाय. आणून दावा. मी सांगंल ते डिझाइन त्या डबीवर तुमच्या बायकांनी माझ्यासमोर काढून दावायचं. जमलं तर बारा. न्हाय जमलं तर माझे पाच, आणि परत हा विषय न्हाय." सभेनं माना डोलावल्या. शांताआक्काच्या मागाचं लाकूड त्या क्षणापासून टांगणीला लागलं.

त्यानंतर मी सुभेदारांबरोबर टर्मिनल पसंत करायला फिरलो. आमच्याकडं मुलगी बघायलासुद्धा इतके कोणी चिकित्सक होत नाही.

शहरातल्या एका मोठ्या दुकानात आम्ही गेलो. एसी, काचेचं दार, टाय लावलेला मालक. त्यानं सगळ्यांत स्वस्त पडदा लावून दाखवला. सुभेदारांनी पिशवीतून शांताआक्काची एक डाळिंबी साडी काढली, काठ कुंकवाच्या रंगाचा, आणि पडद्यावर तेच दोन रंग शेजारी-शेजारी काढायला सांगितले. मग साडी पडद्याला लावून बघत बसले. इथवर ठीक होतं. पण मग ते दुकानाच्या गुळगुळीत फरशीवर मांडी घालून बसले आणि तिथून मान वर करून पडदा बघायला लागले. आलेली गिऱ्हाइकं त्यांना वळसा घालून जायला लागली.

"अंकल, चेअरवर बसा ना," मालक म्हणाला.

"आमच्या बाया चेअरवर बसत न्हाईत," सुभेदार खालूनच म्हणाले. "मागावर खड्ड्यात पाय सोडून बसायची सवय. बैठं मेज करणार आम्ही. सेक्रेटरी, बस हितं."

मी बसलो. लाज काय एकदाच जाते. आणि खरंच, खालून बघितल्यावर डाळिंबी रंग काळा दिसत होता आणि कुंकू तपकिरी. चार बोटं वर झालं की पुन्हा डाळिंबी. साडी आहे की सरडा, असा प्रकार.

"बेडा," सुभेदार कन्नडमध्ये म्हणाले आणि उठले. बेडा म्हणजे नको. मालकानं महागडा पडदा दाखवला, त्यात रंग खालूनही हलत नव्हता. पण किंमत ऐकून सुभेदार 'ओंदू, एरडू' करायला लागले आणि शेवटी म्हणाले की, नाकापेक्षा मोती जड होतोय. आम्ही बाहेर पडलो. मालकाला हायसं वाटलेलं काचेतून दिसत होतं.

असं आणखी दोन ठिकाणी झालं. मी वैतागलो होतो. मला ऊन सोसत नाही आणि उपाशीपोटी तर माणसंही सोसत नाहीत. एका हॉटेलात मी चिडून म्हणालो, "सुभेदार, स्वस्तही पाहिजे, रंगही पाहिजे, पंखाही नको. असलं यंत्र देवानं अजून घडवलं नसेल."

"घडीवलंय," ते म्हणाले. "वापरून कुणीतरी टाकलं असंल. तेच हुडकायचं."

आणि खरंच, त्यांच्या कुणा जुन्या सोबत्याकडून खबर आली. निपाणीत एका तंबाखूच्या व्यापाऱ्याच्या पेढीवर असली टर्मिनलं होती. पेढीनं आता लॅपटॉप घेतले होते आणि जुना माल पडद्यांसकट कुणाच्या तरी गळ्यात मारायला ते टपले होते.

आम्ही एस.टी.नं निपाणीला गेलो. पेढीच्या मागं गोदाम, गोदामात तंबाखूची पोती आणि पोत्यांच्या शेजारीच बैठका मांडून ही टर्मिनलं. आत पाय टाकल्याबरोबर मला शिंका सुरू झाल्या त्या बाहेर येईपर्यंत थांबल्या नाहीत. सुभेदार मात्र जत्रेत आल्यासारखे खुलले होते. त्यांनी एकेका डबीला कान लावला. आवाज नाही. एकेक डबी उघडली. आत तंबाखूची बारीक पूड होती, पण अडकायला पंखाच नाही, मग पूड तरी काय करणार?

"किती वर्सं चालल्यात ही?" त्यांनी तिथल्या दिवाणजींना विचारलं.

"अण्णा, आमी दोन दिवाणजी बदलले," दिवाणजी म्हणाले, "ह्या डब्या काय बदलल्या न्हाईत."

सुभेदारांनी साडी काढली. पोत्यांमधल्या जमिनीवर बसले. खालून बघितलं, डावीकडून, उजवीकडून, आडवं पडून बघितलं. डाळिंबी ती डाळिंबीच राहिली. पेढीनं कोणे एके काळी हिंडत-फिरत बघता यावेत म्हणून चांगले पडदे घेतले होते, त्याचा हा फायदा. सुभेदार उठले, अंगाची तंबाखू झटकली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून मराठीत म्हणाले, "सेक्रेटरी, तंबाखूच्या धुळीत जे टिकलं ते आमच्या रुईत मरणार न्हाय. ठरलं."

सगळे मिळून तेरा नग होते. किंमतही जमली. येताना टेम्पोत सुभेदार पुढं न बसता मागं डब्यांबरोबर बसले. चिकोडी फाट्याच्या आसपास मी चहाला गाडी थांबवली तर ते खाली उतरेनात. "तू पी. मी ह्यांच्याबरोबर हाय," म्हणाले. मी त्यांचा कप मागं नेऊन दिला.

टर्मिनलं आली तरी सुभेदारांचं समाधान नव्हतं. त्यांनी दोन डब्या आप्पांच्याच पॉवरलूमच्या शेडमध्ये, धडधडत्या मागांच्या पायाशी, दोन आठवडे दिवसरात्र चालू ठेवल्या. त्यांवर रुईचा थर जमून त्या मेंढरांसारख्या दिसायला लागल्या. तरी चालूच. आप्पा येता-जाता त्यांच्याकडं बघायचे आणि काही बोलायचे नाहीत. हे आप्पांचं बोलणंच होतं.

दरम्यान वरच्या हॉलमध्ये बाया शिकत होत्या. मेजं बैठी. चूल म्हणजे तो दांडगा कॉम्प्युटर आतल्या खोलीत, खिडकीला ओला पंचा बांधून. टर्मिनलं जरा तापली की खोलीभर तंबाखूचा वास सुटायचा आणि मग बायांच्या थट्टेला ऊत यायचा. "सुभेदार, आज कुणी मळली?" असं एकीनं विचारलं की बाकीच्या पदर तोंडाला लावायच्या. सुभेदार लाजायचे. युद्धात न डगमगलेला माणूस बारा बायांपुढं कानापर्यंत तांबडा व्हायचा.

शांताआक्का पहिल्या दिवशी माउस धरायला घाबरत होती. सुभेदारांनी सांगितलं, "आक्का, मागावरचा धोटा समजा." त्यावर तिनं माउस धोट्यासारखा डावीकडून उजवीकडं असा फेकला की तो शेजारणीच्या मांडीत जाऊन पडला. पण आठवड्याभरात हात बसला. चौकटींच्या कागदावर ती जन्मभर काढत आली होती. पडद्यावरच्या चौकटी तिला परक्या वाटल्या नाहीत.

मग परीक्षेचा दिवस आला. आप्पा कमिटीला घेऊन हॉलमध्ये आले. खुर्च्या मांडलेल्या. मालकांच्या त्या पाच पोरांपैकी दोघं दाराशी मोबाइल धरून उभे. आप्पांनी काखेतल्या पिशवीतून एक जुन्या पदराचा तुकडा काढला. विटलेला, पण काम जिवंत. कोयरीत बसलेला पोपट, चोच उजवीकडं, शेपटी कोयरीच्या देठाला गुंडाळलेली.

"आमच्या आईच्या हातचा हाय," आप्पा म्हणाले. "अस्सा काढून दावा. चोचीत फरक न्हाय पायजे."

तुकडा शांताआक्काकडं आला. तिनं तो हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला आणि काम सुरू केलं. एकेक चौकट भरत गेली. कोयरी आली, देठ आला, पंख आले. मी सुभेदारांकडं बघत होतो. ते सायकलच्या क्लिपा पँटला तशाच लावून भिंतीपाशी सावधान उभे होते.

बऱ्याच वेळानं आक्का मागं सरकली. "झालं, आप्पा."

आप्पा वाकले. पोपट हुबेहूब होता. फक्त त्याची चोच डावीकडं होती.

आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. मग दाराशी उभ्या पोरांपैकी एक फिसकन हसला. "पोपट उलटा!" कमिटीतले दोघं हसले. आप्पांनी तुकडा उचलून पडद्याशेजारी धरला. उजवीकडं बघणारा पोपट आणि डावीकडं बघणारा पोपट, एकमेकांकडं पाठ करून.

शांताआक्काच्या तोंडचं पाणी पळालं. तिनं तुकडा परत ओढून घेतला, पाहिला, आणि मग मलाही दिसलं काय झालं ते. तिनं काढताना तुकडा मांडीवर पालथा घातला होता. मागची बाजू वर. आमच्या हातमागावर बुट्टीचं कापड विणताना सुलटी बाजू खाली असते. विणणाऱ्याला जन्मभर दिसते ती मागची बाजू, जिथं धागा कुठून निघाला आणि कुठं गेला ते कळतं. पुढची बाजू बघायची असली तर मागाखाली आरसा धरायचा. कापड हातात आलं की आमची बाई ते पालथं करून बघते. पुढून बघतं ते गिऱ्हाईक. पण हे कमिटीला सांगायचं कसं, आणि सांगून काय होणार? अट तर चोचीची होती.

"चुकलं," आक्का म्हणाली. "आप्पा, माझंच चुकलं. ह्या बायांचं काय न्हाय." आणि ती उठायला लागली.

"बसा," सुभेदार म्हणाले.

ते पुढं आले आणि क्लिपांसकट तिच्या शेजारी जमिनीवर बसले. "आक्का, मागावर बसल्यावर पोपट कुठं बघतोय?"

"डावीकडं."

"मग बराबरच हाय की." त्यांनी कीबोर्डवरची एक कळ दाबली. पोपटानं पडद्यावर मान फिरवली आणि उजवीकडं बघायला लागला. हॉलमध्ये 'अगं बाई' झालं. आप्पा मात्र ढिम्म. "पोपट फिरला, सुभेदार. पर रोज बाई उलटं काढणार आणि रोज तुम्ही फिरवणार व्हय?"

"न्हाय." सुभेदारांनी ती कळ पुन्हा दाबून पोपट डावीकडं आणला. मग गुडघ्यांवर सरकत पलीकडच्या टर्मिनलपाशी गेले. "चूल एक हाय, आप्पा. शिजलंय एकच. हे बघा." तिथं त्यांनी तेच चित्र उघडलं आणि तिथली कळ दाबली. आता एका पडद्यावर पोपट डावीकडं बघत होता, शेजारच्या पडद्यावर उजवीकडं. "आक्का, चोचीत एक ठिपका वाढवा." आक्कानं इकडं ठिपका घातला आणि चित्र जपून ठेवलं. सुभेदारांनी तिकडं चित्र परत उघडलं. ठिपका हजर. "ही बाई मागची बाजू बघून काढणार, जशी मागावर बघत्या. पलीकडची पुढची बाजू बघून पॉवरलूमला धाडणार. दोघी शेजारी. मधी आरसा धराय कुणी नको. तुमच्या पाच डब्यांत पाच चित्रं येगळी ऱ्हातील, आप्पा. माणसं बी येगळी ऱ्हातील."

आप्पा खुर्चीवरून उठले. मला वाटलं, निघाले. पण ते धोतर सावरत खाली बसले, शांताआक्काच्या पडद्यासमोर. किती वर्षांनी जमिनीवर बसले असतील कोण जाणे, गुडघे वाजलेले मला ऐकू आले. ते त्या डावीकडं बघणाऱ्या पोपटाकडं बघत राहिले. मग त्यांनी बोट पुढं करून शेपटीपाशी नेलं.

"हितनं धागा उचलायची आमची आई," ते म्हणाले. "मी खड्ड्याशेजारी बसलेला असायचो. मला असाच दिसायचा ह्यो. असाच." ते उगाचच खोकले. मग टोपी काढून पुन्हा घातली. "सेक्रेटरी, लिहा. बारा."

मी लिहिलं की नाही ते आठवत नाही. शांताआक्का पदरात तोंड घालून रडत होती आणि तिला गप्प करता करता बाकीच्याही रडायला लागल्या होत्या. माझेही डोळे भरून आले होते. तंबाखूमुळं म्हणावं तर टर्मिनलं तेव्हा गारच होती. सुभेदार भिंतीकडं तोंड करून एक वायर उगाचच काढत आणि लावत होते.

त्यानंतर आमची डिझाइन रूम उभी राहिली. आक्कानं मागावरची चादर काढली. लाकूडवाला पुन्हा आला तेव्हा तिनं त्याला चहा पाजून वाटेला लावला. तिची पहिली तीन डिझाइनं शहापूरच्या एका मालकानं घेतली आणि चौथं काढताना माझ्याशी भांडण केलं की, खोली सकाळी लवकर का उघडत नाही. पुण्याला ती चार दिवस नातवाला भेटून आली, सांभाळायला नाही. आता शनिवारी आप्पा स्वतः येतात आणि 'मागची बाजू दावा' म्हणून पडद्यापुढं बसतात. बाया त्यांना चुका दाखवू देतात. त्यांना बरं वाटतं.

बारा जागांवर बारा बाया आणि तेरावं टर्मिनल सुभेदारांचं, दाराजवळच्या कोपऱ्यात. तिथून ते चुलीवर लक्ष ठेवायचे, कुणाचं काही अडलं तर गुडघ्यांवर सरकत जायचे. कॅम्पातली ती खोली ते फक्त झोपायला वापरत असावेत. मला तर वाटायचं, ह्या माणसाला हयातभर जी एक जागा हवी होती ती अखेर आमच्या हॉलच्या कोपऱ्यात सापडली. चहाचा दुसरा निम्मा कपही ते आता तिथंच गार करत.

एके दिवशी दुपारी दारात एक बाई येऊन उभी राहिली. डोक्यावर पदर, आत यावं की नाही अशी घुटमळलेली. आप्पांची धाकटी सून. घरात सहा पॉवरलूम, हिला आजवर सुताच्या कांड्या भरण्यापलीकडं कुणी काही शिकवलेलं नव्हतं.

"मामंजींनी धाडलंय," ती म्हणाली. "म्हणाले, जागा असली तर बघ. मला बी यील काय काढाय?"

मी हॉलभर नजर फिरवली. बाराही जागा भरलेल्या. पुढच्या वर्षी आणखी काही जमलं तर बघू, असं नेहमीचं वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं. तेवढ्यात कोपऱ्यात हालचाल झाली. सुभेदार उठले होते. आपलं काम बंद केलं, मेज हातानं पुसलं, सतरंजी सरळ केली आणि पिशवी खांद्याला लावली.

"बस, पोरी," ते मराठीत म्हणाले. "चांगली जागा हाय. उजेड येतो."

ती बसली. शेजारून शांताआक्का सरकली आणि तिचा हात धरून माउसवर ठेवला. सुभेदार दाराकडं निघाले. मी घाईनं मागं गेलो.

"सुभेदार, तुम्ही कुठं बसणार आता?"

ते जिन्यावर थांबले. आतून तेरा पडद्यांचा उजेड पायऱ्यांवर पडला होता. माझ्याकडं त्यांनी असं बघितलं, जसं काही मीच जरा मंद आहे.

"मी?" ते म्हणाले. "मी बसायला आलतो व्हय रं?"